हजेरीपटावरचे अकरा राठोड

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात एका तांड्यावरच्या दोनशिक्षकी शाळेत दिवाळीच्या सुट्टीनंतर नव्या बाई रुजू झाल्या. बाई साताऱ्याकडच्या, आडनाव चव्हाण. पहिल्या दिवशी हजेरी घेताना त्यांच्या लक्षात आलं, की वर्गातल्या सतरा मुलांपैकी अकरा राठोड आहेत. दोन मुलींचं तर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव तिन्ही सारखं. मुलांना त्यात काही अडचण वाटत नव्हती. "ही हापशीजवळची, ती वरल्या घरची," असं एकानं सांगितलं आणि हजेरी पुढे सरकली.

संध्याकाळी ओट्यावर बसलेल्या एका आजींनी बाईंना हाक मारून आडनाव विचारलं. चव्हाण म्हटल्यावर आजींचा चेहरा उजळला. "कोणते चव्हाण?" बाईंनी गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला. आजी तरीही वाट पाहत राहिल्या. त्यांना हवं होतं ते उत्तर बाईंकडे नव्हतं.

हे दोन्ही प्रश्न घेऊन बाई रविवारी गुरुजींकडे गेल्या. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, स्वतः बंजारा आणि स्वतः राठोड. अंगणात वेचून आणलेल्या कापसाचा ढीग होता. त्याच्या कडेला बाज टाकून ते चष्मा पुसत बसले होते.

"गुरुजी, इथं इतके राठोड कसे?" बाईंनी बसता बसता विचारलं.

"आधी मला सांगा बाई, आडनाव असतं कशासाठी?"

"माणूस ओळखायला. एका नावाची चार माणसं असली तर त्यातला नेमका कोण, ते कळायला."

"शाळेच्या रजिस्टरात तसं असेल. पण सगळी आडनावं त्या कामासाठी जन्माला आली नाहीत," गुरुजी म्हणाले. "तुमच्याकडे पाटणकर, कराडकर आहेत. ते नाव गाव सांगतं. देशमुख, कुलकर्णी, सरनाईक हे वतन किंवा हुद्दा सांगतात. राठोड यातलं काहीच सांगत नाही."

बाईंना भावाची आठवण झाली. तो नोकरीसाठी स्टॉकहोमला असतो. त्याच्या कचेरीत तीन अँडरसन आहेत आणि तिघांचं एकमेकांशी काही नातं नाही. त्यानं फोनवर सांगितलेली हकीकत बाईंनी गुरुजींना ऐकवली. अँडरसन म्हणजे अँडर्सचा मुलगा. जुन्या स्वीडनमधल्या शेतकरी घरांत हे नाव दर पिढीला बदलायचं. अँडर्सचा मुलगा एरिक झाला एरिक अँडरसन, आणि एरिकचा मुलगा लार्स झाला लार्स एरिकसन. मुलगी असेल तर नावाच्या शेवटी मुलगी या अर्थाचा 'दोत्तर' लागायचा. पुढे हळूहळू वडिलांच्या नावाचं हे शेपूट तसंच पुढच्या पिढीला जाऊ लागलं आणि १९०१ साली सरकारनं नियमच केला, की प्रत्येक घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं आडनाव हवं. त्या काळात जे जे अँडरसन होते, त्यांची मुलंनातवंडं कायमची अँडरसन झाली. आज जेमतेम एक कोटी लोकसंख्येच्या त्या देशात दोन लाखांवर अँडरसन आहेत.

गुरुजींनी चष्मा लावला. "आणि फौजेत? एका तुकडीत आठ एरिकसन आले तर हुकूम कुणाला द्यायचा?"

"तेच झालं म्हणे! १६८२ पासून तिथं गावोगावच्या शेतकऱ्यांनी मिळून शिपाई पोसायची पद्धत सुरू झाली. भरती झालेल्या शिपायाला लष्कर वेगळं, आखूड नाव द्यायचं. रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे धाडसी. काही घराण्यांनी तीच नावं आडनाव म्हणून ठेवली."

"म्हणजे त्यांचं एक नाव बाप सांगतं आणि दुसरं माणूस वेगळा काढतं," गुरुजी म्हणाले. "आता आमचं ऐका. राठोड हे नाव सांगतं, की कोणत्या दाराला सोयरीक मागायची नाही."

गोर बंजारा समाजात, म्हणजे ज्यांना मराठीत लमाण किंवा बंजारा म्हणतात त्यांच्यात, मोठी गोतं थोडी आहेत. राठोड, पवार, चव्हाण आणि जाधव ही त्यातली प्रमुख. पवाराला बंजारा बोलीत पमार म्हणतात, जाधवाला वडत्या. एका गोतातले सगळे एकमेकांचे भाऊ मानले जातात, म्हणून राठोडाचं लग्न राठोडात होत नाही. सून पवारांतून, चव्हाणांतून किंवा जाधवांतून यायची आणि लेक त्यांच्याकडेच जायची. हद्द आखण्याचं हे काम करायला शेकडो नावांची गरज पडत नाही. चार-पाच नावांत सगळा समाज बसतो. साहजिकच त्यातलं प्रत्येक नाव प्रचंड मोठं होतं.

"पण मग सगळे राठोड एकाच तांड्यात कसे? चार गोतं आहेत तर मिसळलेली दिसायला हवीत," बाई म्हणाल्या.

"तांडा म्हणजे भावांची वस्ती, बाई. एक नायक, त्याचे सख्खे भाऊ, चुलत भाऊ, त्यांची पोरंसोरं. लेकी लग्न होऊन बाहेर जातात, मुलगे इथंच घर बांधतात. नायक राठोड असला की चार पिढ्यांनी तांडा राठोडांनी भरतो. तुम्ही हजेरीपटावर बापांची नावं वाचता. त्या अकरा पोरांच्या आयांची माहेरं विचारा. पवार निघतील, चव्हाण निघतील, जाधव आणि आडेही निघतील. तांडा मिसळलेलाच आहे. फक्त तो आपल्या रकान्यात दिसत नाही."

बाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहिणं सक्तीचं झालं आहे. मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. ही मुलं शाळेत येतील तेव्हा हापशीजवळची आणि वरल्या घरची कागदावरही वेगळ्या ओळखू येतील. आईचं माहेरचं गोत मात्र त्या ओळीतही येणार नाही.

तांडा ही वस्ती फार जुनी नाही. गुरुजींच्या पणजोबांच्या काळापर्यंत तांडा म्हणजे चालता काफिला होता. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून धान्य आणि मीठ देशभर पोचवायचा हा धंदा. बंजारा बोलीत त्याला लदेणी म्हणतात. लमाण हा शब्द मिठाच्या 'लवण' या नावावरून आला असं मानलं जातं. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत एक तांडा लागला, त्यात १४,००० बैल होते. मोगल फौजा दक्षिणेत उतरल्या तेव्हा त्यांचा दाणागोटा याच लोकांनी वाहिला. शहाजहानचा वजीर आसफखान याच्या मोहिमेबरोबर जंगी आणि भंगी हे दोन नाईक १,८०,००० बैल घेऊन आले, आणि भगवानदास वडत्या ५२,००० बैल घेऊन, अशी आठवण समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वऱ्हाडातल्या पोलीस खात्यातला कंबरलेज नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांची माहिती गोळा करत होता, तेव्हा त्यानं ती लिहून ठेवली. त्या आठवणीतले जंगी आणि भंगी हे दोघं राठोड होते.

"बैलांचा आकडा खरा किती, ते कोण मोजणार," गुरुजी म्हणाले. "पण वऱ्हाडात राठोडांचे तांडे मोठे होते, एवढं त्यातून कळतं. मग आगगाडी आली. १८६७ साली भुसावळहून अकोला, बडनेरा करत ती नागपूरला पोचली. जो माल पोचवायला तांड्याला महिना लागायचा तो दोन दिवसांत जायला लागला. बैलांचं काम संपलं. जिथं पाणी आणि चारा ठाऊक होता, अशा माळावर, जंगलाच्या कडेला तांडे थांबले. मानोरा, दिग्रस, पुसद हा सगळा पट्टा तसाच वसला."

"आणि पोहरादेवी?"

"पोहरादेवीनं आम्हाला इथं धरून ठेवलं." गुरुजींचा आवाज हळू झाला. संत सेवालाल महाराज राठोड गोतातले, भीमा नाईकांचे पुत्र. त्यांचा जन्म १७३९चा, आजच्या आंध्र प्रदेशातल्या गुत्तीजवळचा. त्यांची समाधी मात्र मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे. रामनवमीच्या यात्रेला तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून गाड्या भरून लोक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथं नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं.

"त्या यात्रेत तुमच्या आजींच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं," गुरुजी म्हणाले. "मी तरुण होतो तेव्हाची गोष्ट. नळावर पाणी भरताना तेलंगणातला एक पाहुणा भेटला. आमची बोली एकच, त्यामुळे गप्पा सुरू झाल्या. नाव विचारलं तर म्हणाला, रामावत. मी म्हटलं, हे कसलं आडनाव? तो हसला आणि म्हणाला, अरे, मी राठोडच आहे. तुझं काय?"

"मग?"

"मला सांगता येईना. मी नुसताच राठोड होतो."

गोताच्या आत पाडे असतात. समाजाच्या मोजणीप्रमाणे राठोडांचे २७, पवारांचे १२, चव्हाणांचे ६. रामावत, मेघावत, खेतावत, नेनावत, करमटोत, पातलोत हे सगळे राठोडांचे पाडे. चव्हाणांचे सहा पाडे तर बोटांवर मोजता येतात: मूड, केलूत, कोर्रा, सभावत, लावड्या आणि पालत्या.

"आजींनी तुम्हाला कोणते चव्हाण म्हणून विचारलं, त्यांना या सहांतलं एक ऐकायचं होतं," गुरुजी म्हणाले. "तुमचं आडनाव ऐकून त्यांना वाटलं, आपल्याच आहेत. साताऱ्याकडे चव्हाण म्हणजे मराठा, हे त्यांच्या ध्यानी आलं नसेल. यशवंतराव चव्हाण तुमच्या कऱ्हाडचे. पवार, जाधव यांचंही तसंच. नाव तेच, माणसं वेगळी. राठोडसुद्धा एकटे आमचे नाहीत. गुजरातेत किती तरी जातींत राठोड सापडतात, आणि राजस्थानात राजपुतांचं ते मोठं कूळ. जोधपूर वसवणारा राव जोधा राठोडच, १४५९ सालचा."

"म्हणजे तुमचं मूळ तिकडचं?"

"परंपरा तसं मानते. नुसत्या नावावर मी ते मानणार नाही. पण बोली बघा. भाषा जाणणारे आमच्या बोलीला राजस्थानी गटात धरतात, ती मराठीची वा तेलुगूची बोली नाही. इतकी शतकं दक्षिणेत राहून घरात बोलायची भाषा तीच राहिली. मला हा पुरावा नावापेक्षा भक्कम वाटतो." राठोड या शब्दाचं मूळ राष्ट्रकूट या शब्दात दाखवतात. प्राकृतात त्याचं रट्ठऊड झालं आणि पुढे राठोड. वेरूळचं कैलास लेणं ज्यांच्या काळात कोरलं गेलं, ते राष्ट्रकूट. शब्दाचा प्रवास असा जुळतो. पण शब्द जुळला म्हणून वेरूळच्या राजघराण्यापासून मानोऱ्याच्या तांड्यापर्यंत वंशावळ जुळत नाही, हे गुरुजींनी बाईंना दोनदा सांगितलं.

बाईंचं लक्ष मघापासून दुसऱ्याच गोष्टीकडे होतं. त्यांनी वहीत पाड्यांची नावं एकाखाली एक लिहिली होती. "गुरुजी, रामावत, मेघावत, खेतावत. या सगळ्यांच्या शेवटी 'वत' आहे."

"आणि करमटोत, पातलोत यांच्या शेवटी 'ओत'. दोन्ही एकच. राजस्थानात शेखावत म्हणजे राव शेखाचे वंशज. तसे रामाचे ते रामावत, मेघाचे ते मेघावत."

"म्हणजे अँडरसनच की!"

गुरुजी क्षणभर थांबले आणि मग मोकळेपणानं हसले. आयुष्यभर ऐकलेला शब्द कुणीतरी प्रथमच उघडून दाखवावा, तसं त्यांचं झालं होतं. "खरंच. अँडर्सचा तो अँडरसन, रामाचा तो रामावत. आमच्याकडे सगळंच होतं. मोठं गोत होतं, त्याच्या आत बापजाद्याचं नाव होतं. लिहिणाऱ्यानं त्यातलं एक उचललं."

इथंच हद्दीचा फरक पडतो. तेलुगू माणसाच्या नावात घराण्याचं नाव आधी येतं आणि स्वतःचं नंतर. तेलंगणात आणि आंध्रात बंजारा माणसाचं नाव लिहिताना त्या पहिल्या जागी बहुतेक पाडा आला. देवरकोंड्याचे माजी आमदार रामावत रवींद्रकुमार. महबूबाबादहून २०१४ साली लोकसभेवर गेलेले अजमीरा सीताराम नाईक. यातला अजमीरा हा वडत्यांचा, म्हणजे इकडच्या हिशेबानं जाधवांचा पाडा. राठोड गोताला तिकडे भूक्या म्हणतात, तेही अनेकांचं आडनाव आहे. महाराष्ट्रात मात्र आडनावाच्या जागी गोत आलं. राठोड, पवार, चव्हाण, जाधव ही नावं मराठी कानाला आधीपासून ओळखीची होती. ज्या सहा चव्हाणांची तेलंगणात सहा आडनावं झाली असती, ते सहाही इथं चव्हाण झाले, आणि सत्तावीस पाड्यांचे राठोड एकाच शब्दात मावले. हजेरीपटावरचे अकरा राठोड त्यातूनच आले.

फरक नावावर थांबला नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतो, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि तेलंगणात अनुसूचित जमातींत. एका गोताचे दोन भाऊ हद्दीच्या दोन बाजूंना राहिले, तर त्यांची आडनावं वेगळी आणि जातीचे दाखलेही वेगळे.

"कारकुनानं काय लिहिलं, यावर पुढच्या पिढ्यांचं किती अडतं, ते मी खुर्चीत बसून पाहिलंय," गुरुजी म्हणाले. विमुक्त जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. तो बहुतेकांना शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातच सापडतो. "मुख्याध्यापक असताना लोक यायचे, आजोबांची नोंद काढून द्या म्हणायचे. पान उघडावं तर आजोबांच्या नावापुढे आडनावच नाही. कुठं नुसतं लमाण लिहिलेलं. एका भावापुढे राठोड, दुसऱ्यापुढे नाईक. बाप एक. मग वंशावळ लिहा, प्रतिज्ञापत्र करा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब आणा. बारावीचं पोरगं प्रवेशाच्या रांगेत उभं आणि इकडे आजोबाच्या आडनावाचा शोध चाललाय."

"नाईक कुठून आलं मध्येच?"

"तांड्याचा जो पुढारी तो नायक. नाईक म्हणजे तोच. न्यायनिवाडा त्याच्याकडे, बाहेरच्या जगाशी बोलणं त्याच्याकडे. देशमुखाचं जसं आडनाव झालं तसं त्याचंही झालं." याचं सर्वांत ठळक उदाहरण मानोऱ्याला लागून असलेल्या पुसद तालुक्यातलं आहे. गहुली हे गाव वसवणारे चतुरसिंग राठोड. त्यांचे नातू वसंतराव नाईक, जन्म १ जुलै १९१३. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ असे सलग अकरा वर्षांहून जास्त काळ ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक १९९१ साली मुख्यमंत्री झाले. घराणं राठोडांचं आणि आडनाव हुद्द्याचं. शेजारच्या दिग्रसचे आमदार संजय राठोड यांचं आडनाव मात्र गोताचंच राहिलं.

उन्हं कलली. गुरुजींच्या सुनेनं चहा आणला आणि कापसाच्या ढिगावर ताडपत्री ओढली. बाईंनी विचारलं, "मग गुरुजी, तुमचा पाडा? त्या पाहुण्याला तुम्ही काय सांगितलं?"

"त्या दिवशी काहीच नाही. घरी आलो आणि वडिलांना विचारलं. त्यांनी एका दमात सात पिढ्या म्हणून दाखवल्या. शेवटी म्हणाले, आपण खेतावत. मी त्या वेळी तेवीस वर्षांचा, डी.एड. झालेला. मला ते कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं." पूर्वी ही आठवण राखायला माणसं होती. भाट वंशावळी सांगायचे, ढाडी पूर्वजांची गाणी म्हणायचे. स्वीडनमध्ये १६८६च्या चर्च कायद्यानं गावच्या पाद्र्याला जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी ठेवायला लावलं, आणि आजचा अँडरसन त्या वह्यांतून आपला लार्स आणि एरिक शोधू शकतो. तांड्याची वही माणसाच्या तोंडात होती. होळीला वर्षभरात जन्मलेल्या मुलांचा धुंड होतो तेव्हा अजूनही सगळा तांडा जमतो. पण सात पिढ्या म्हणणारी माणसं आता त्या मांडवात थोडी उरली आहेत.

"सगळ्यांना माहीत नसेल?" बाईंनी विचारलं.

"म्हाताऱ्यांना आहे. लग्न ठरवताना अजून विचारतात. पोट्ट्यांना नाही."

सोमवारी हजेरी झाल्यावर बाईंनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला: आपला पाडा कोणता? घरी आजी-आजोबांना विचारून यायचं. दुसऱ्या दिवशी मुलं ओरडत वर्गात शिरली. रामावत चार निघाले, खेतावत तीन, मेघावत दोन. वर्गातल्या तीन चव्हाणांपैकी दोघं मूड होते आणि एक पालत्या. सारख्या नावाच्या दोन मुलींत हापशीजवळची रामावत निघाली आणि वरल्या घरची मेघावत. बाईंनी हे सगळं हजेरीपटाला हात न लावता आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

दोन राठोडांपुढची जागा रिकामी राहिली. दोघं भाऊ. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती दोघं मामाकडे राहून शिकत होती आणि मामा पवार. मामाला भाच्यांचा पाडा ठाऊक नव्हता. "आजोबा होळीला येणार आहेत," थोरल्यानं सांगितलं. बाईंनी त्या दोन नावांपुढे पेन्सिलीनं लिहिलं, होळी.